रुमालाखाली दोनच हात

"मुनीमजी, हा माणूस करतोय काय?"

रुपचंद दारातच थबकला. मी त्याच्या मागे होतो, म्हणून मला मान वाकडी करून बघावं लागलं. शिरपूरच्या आमच्या खरेदीच्या पेढीत, गाद्यांच्या पलीकडे, टेबलावर कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर धुवून पांढरा केलेला पंचा. पंच्याखाली तिथली खरेदी बघणाऱ्या पुनाभाऊंचं डोकं आणि दोन्ही हात. बाहेर राहिली होती ती नुसती पाठ, आणि ती घामाने भिजलेली होती. आत एक-एक कळ वाजत होती. मध्ये बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक.

"पुनाभाऊ," मी हाक मारली.

"थांबा नाना," पंचा बोलला. "धुळं बोली राहिनं."

आम्ही थांबलो. डाळमिलच्या मालकाचा मुलगा आणि त्या मिलचा मुनीम, दोघे तुरीच्या पोत्याला टेकून एका पंच्याकडे बघत उभे. शेवटी पुनाभाऊ बाहेर आले, त्याच पंच्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "राम राम मालक. कव्हय उनात?"

"खोलीत तुमच्याशिवाय कोणी नव्हतं," रुपचंद म्हणाला. "कापड कशाला?"

"सौदानी गोष्ट व्हती ना. उघडावर कशी करू?"

"अहो, पण समोरचा माणूस धुळ्यात बसलाय. तुम्ही शिरपुरात कापड टाकून काय होणार?"

पुनाभाऊंना या शिकलेल्या पोराची कीव आली असावी. समजावणीच्या सुरात ते म्हणाले, "तठे तिनीबी टाकेल शे."

परतीच्या जीपमध्ये रुपचंद बराच वेळ हसला. नरडाणा मागे पडल्यावर त्याचं हसू संपलं आणि तो विचारात पडला. माझ्या अनुभवात मालकांच्या मुलांचा हा क्रम ठरलेला असतो. "मुनीमजी," तो म्हणाला, "सौदा आपला, माल आपला, फोन आपला. मग ते दोघं काय बोलतात हे आपल्यालाच का दिसू नये?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. पगारी माणसाने खिडकीबाहेर बघावं असे काही प्रश्न असतात.

या सगळ्याच्या मुळाशी होता जीवराम.

जीवराम म्हणजे टाइपरायटरचा मिस्त्री. जळगावातल्या सगळ्या टायपिंग क्लासांची यंत्रं त्याच्या हाताखालून गेलेली. सडपातळ, शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे स्क्रू-ड्रायव्हर, आणि अंगाला शिवणयंत्राच्या तेलाचा वास. आमच्याकडे चहा आला तर उठून व्हरांड्यात जाऊन प्यायचा. कळांवर चहा सांडलेली यंत्रं त्याने इतकी उघडली होती की कपबशी आणि टेबल एकत्र दिसले की त्याला अस्वस्थ व्हायचं. एका क्लासवाल्याने टायपिंगच्या शेजारी दोन कॉम्प्युटर मांडले, आणि यंत्र म्हणजे यंत्र या हिशेबाने त्यांचीही देखभाल जीवरामकडे दिली. त्याने आधी ती पुसली, मग उघडली, मग एका झेरॉक्स पुस्तकावरून त्यांना हुकूम कसे द्यायचे ते शिकला. दोन-तीन वर्षं तो काय करतोय हे कोणी विचारलं नाही. मिस्त्री काम करताना दिसला की लोकांचं समाधान होतं.

त्याने जे केलं ते मला समजावून सांगताना तो म्हणाला, "नाना, ही लायब्ररी आहे." मी पुस्तकांची कपाटं शोधली. मग त्याने मला झेपेल असं सांगितलं. टाइपरायटर बांधायचा तर रूळ लागतो, फितीची चाकं लागतात, घंटी लागते. ती तयार मिळाली तर टाइपरायटर कसा हवा तसा बांधा. मोठ्या अक्षरांचा, छोट्या, मराठी, इंग्रजी. तसे त्याने भाग तयार केले होते, पण टाइपरायटरचे नाही, बोलण्याचे. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला फोन लावायचा तो भाग. समोरचा तोच आहे ना, हे ओळखायचा भाग. इकडे टाइप केलेलं तिकडे उमटवायचा भाग. हे भाग घेऊन ज्याने त्याने आपल्याला हवा तसा बोलण्याचा प्रोग्राम बांधावा. क्लासमधल्या पोरांना त्याने फ्लॉपीवर ते फुकट वाटले होते. माझ्या मते ही त्याची एकमेव चूक, पण ती तो आनंदाने करायचा.

त्या भागांच्या संचाचं नाव होतं रुमाल.

जीवरामचे वडील निंबाआबा बैलबाजारातले दलाल. भडगावला, धुळ्याला, जिथे बाजार तिथे आबा. बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. खांद्यावरचं कापड दोघांच्या हातांवर टाकायचं आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कळतं फक्त दोघांना. आबांची त्यात स्वतःची एक सक्ती होती. समोरच्याने जितकी बोटं दाबली तितकी परत दाबून दाखवायची, मगच पुढे जायचं. जीवराम लहानपणी बाजारात बरोबर असायचा. "दाबेल बोट परत दाखाड, मंग पुढला बोल," हे आबांचं वाक्य त्याने शेकडो वेळा ऐकलेलं.

त्याच्या रुमालात तेच होतं. तुम्ही ओळ लिहिली की ती पडद्यावर फिकी दिसायची. समोरच्या यंत्राने 'पोचली' असं परत कळवलं की ती उजळायची. धुळ्याची लाइन म्हणजे कढईत मोहरी टाकावी तशी तडतडणारी. पण ओळ उजळेपर्यंत यंत्र ती पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं, आणि उजळली की अक्षरानअक्षर बरोबर. दुसरी गोष्ट अशी की त्यात मुख्य यंत्र नव्हतंच. जळगावने धुळ्याला लावावा, धुळ्याने शिरपूरला, शिरपूरने जळगावला. मध्ये कोणी नाही, वर कोणी नाही. प्रोग्राम सुरू झाला की पडद्यावर ताऱ्यांच्या खुणांनी काढलेला एक चौकोनी रुमाल यायचा, आणि खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी ओळ: याखाली दोनच हात.

आमच्या केवलचंदशेठना ते आवडलं, कारण फोनवर ओरडून सांगितलेला भाव तोपर्यंत अर्ध्या दाणाबाजाराला कळत असे. त्यांनी जळगावची मिल, धुळ्याची पेढी आणि शिरपूरची पेढी अशा तीन ठिकाणी कॉम्प्युटर बसवले आणि जीवरामला पगारावर ठेवलं. जीवरामने तिन्हीकडे रुमालाचेच भाग वापरले, पण प्रत्येकाला वेगळा चेहरा दिला. पुनाभाऊंना चष्मा लावायचा नसतो, म्हणून शिरपूरला अक्षरं लिंबाएवढी. जळगावला माझ्यासाठी कोपऱ्यात तारीख आणि वेळ. मला त्याशिवाय काही खरं वाटत नाही. आणि धुळ्याला फोन आला की घंटी वाजायची नाही, अख्खा पडदा लखलखायचा. कारण धुळ्याच्या टेबलावर ताईबाई बसायची.

ताईबाई म्हणजे जीवरामची थोरली बहीण. सात वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. वाचायला नुकतीच शिकली होती, ते मात्र टिकलं. पुढे धुळ्यात कोर्टाबाहेर टेबल टाकून अर्ज टाइप करायची, आणि वेग असा की वकील सांगता सांगता मागे पडायचे. अर्थात वकिलांनी सांगायचं म्हणजे लिहून द्यायचं. धुळ्याच्या पेढीसाठी जलद टाइप करणारं माणूस हवं म्हटल्यावर जीवरामने तिचं नाव सुचवलं. मी नाक मुरडलं. फोनवर बहिरी बाई बसवायची, हे मला कुठल्याच खात्यात टाकता येईना. महिन्याभरात मी माझं नाक सरळ केलं. बाजारातली बातमी तिच्याकडे सगळ्यात आधी यायची. बहिऱ्या बाईसमोर लोक मोकळेपणी बोलतात, आणि ती ओठ वाचते हे विसरतात.

एकदा धुळ्याला गेलो तेव्हा मी तिच्याशी सावकाश, तोंड मोठं उघडून बोललो. ती तिच्या त्या वर-खाली न होणाऱ्या मोठ्या आवाजात म्हणाली, "नाना, इतला जबडा फाडू नका. व्होट देखीसन माले बठ्ठं समजस. पन तुम्हन्या मिश्या आड येतस."

पेढी हसली. मी दुसऱ्या दिवशी मिशा कापून बारीक केल्या, कामाच्या सोयीसाठी.

दर शनिवारी संध्याकाळी, कामकाज संपलं की जळगावच्या यंत्रावर जीवराम बसायचा आणि धुळ्याला लावायचा. केवलचंदशेठची त्याला परवानगी होती. जीवरामने आमच्याकडून पगाराव्यतिरिक्त मागितलेली ती एकच गोष्ट. तिकडे ताईबाई. मी वही मिटत मिटत बघायचो. इंग्रजी अक्षरांत अहिराणी. वाचायला माझा जीव जायचा, पण ती दोघं वाऱ्यासारखी बोलायची. भाचीचं लग्न, शेजारणीची म्हैस, वांग्याची भाजी कोणी खारट केली. आयुष्यात तिला कोणाचा फोन आला नव्हता. चाळिशीत दर शनिवारी येऊ लागला होता. पडदा लखलखला की ती हातातलं काम टाकून धावते, असं पेढीवरचा हमाल सांगायचा. मी ते काही नोंदलं नाही, पण लक्षात ठेवलं.

तर शिरपूरहून आल्यावर रुपचंदने जीवरामला गादीवर बोलावलं. केवलचंदशेठ लोडाला टेकून होते. मी माझ्या जागेवर.

"जीवरामभाऊ," रुपचंद म्हणाला, "एक छोटं काम आहे. धुळं आणि शिरपूर आपसात जे बोलतात, त्याची प्रत गुपचूप इथे यायला हवी. त्यांना कळायचं कारण नाही. होईल?"

"होईल," जीवराम म्हणाला.

"किती दिवस लागतील?"

"करायला दुपार लागेल. पण मी करणार नाही."

रुपचंदने वडिलांकडे पाहिलं. शेठ डोळे मिटून होते. म्हणजे ऐकत होते.

"का?"

"पुनाभाऊ पंचा टाकून बसतात ना, तेव्हा मी त्यांना दर वेळी सांगतो, भाऊ, कापडाची गरज नाही. कापड आत आहे." जीवरामने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, पाहिला, परत ठेवला. "आता काय सांगू?"

"काही सांगू नका. तेच तर म्हणतोय."

"बैलबाजारात माल शेठचा असतो," जीवराम म्हणाला, "तरी शेठ रुमालात तिसरा हात घालत नाही. घातला तर सौदा होत नाही, हातच काढून घेतात."

"हा बैलबाजार नाही."

"नाही," जीवरामने मान्य केलं.

रुपचंद काही दुष्ट मुलगा नाही. पुण्याला शिकलेला, हिशेबाला पक्का. त्याची मागणी मी दोन्ही बाजूंनी तपासून पाहिली. मालक म्हणून त्याचं चुकत नव्हतं. म्हणूनच तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही नाही केलं तर मी पुण्याहून कोणाला आणीन. मग हे यंत्र त्यांच्या देखरेखीखाली जाईल. शनिवारचं तुमचं बोलणंही मग बंद ठेवावं लागेल. आणि ताईबाईंचं... म्हणजे, मला त्यांच्याकडून हे गुपित राखलं जाईल याची खात्री हवी."

केवलचंदशेठनी डोळे उघडले. "जीवराम, विचार कर. आज शनिवार आहे. बहिणीला विचार, मग सांग."

संध्याकाळी तो बसला. मला उठायला सांगितलं नाही, आणि मीही उठलो नाही. मॉडेम नेहमीसारखं रडलं, ओरडलं, गप्प झालं. ताऱ्यांचा रुमाल आला. जीवरामने आधी कळा फडक्याने पुसल्या, स्वच्छच होत्या. मग लिहिलं:

"बाई, तुना नी पुनाभाऊना बोलनामा तिसरा हात टाक म्हंतस. नही टाका ते तुनं काम जाई. आपलं हाई बोलनंबी जाई. काय करू?"

ओळ फिकी राहिली. लाइन तडतडत होती. मग उजळली. तिने वाचलं होतं.

इतक्या जलद बाईला इतका वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता. मग एक ओळ आली.

"तुले म्हाईत शे, म्हनीसनच इचारस ना?"

जीवराम हसला. त्याने काही लिहिण्याआधीच दुसरी आली.

"कोर्टनं मशीन आजून घरमा शे. त्याना 'र' अटकस. तेवढा नीट करी दे."

त्याने लिहिलं, "रविवारले येस." ती ओळ उजळेपर्यंत तो थांबला. मग त्याने फोन तोडला, यंत्र बंद केलं आणि पडद्यावरची धूळ पुसली.

सोमवारी तो फ्लॉप्या घेऊन आला आणि रुपचंदच्या समोर ठेवल्या. "सगळं यात आहे. कुठला भाग काय करतो ते आत लिहिलंय. पुण्याच्या माणसाला अडचण येणार नाही."

रुपचंदची तयारी भांडणाची होती. ती वाया गेली. "हे देताय तुम्ही?"

"हे मी कोणालाही देतो. फक्त एक करा. तिसरा हात घातलात की वरचं नाव काढा. रुमाल, ते चित्र आणि खालची ओळ. ती माझी नाही, आबांची आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

रुपचंदला हे फारच स्वस्तात पडलं. त्याला तिथे मिलचं नाव हवंच होतं. पुण्याचा माणूस आला, त्याने जीवरामचे कागद वाचले, दोनदा विचारलं की हे लिहिणारा कुठल्या कंपनीत होता, आणि मिस्त्री आहे म्हटल्यावर कागद पुन्हा पहिल्यापासून वाचून कामाला लागला. रुमाल गेला. त्या जागी आमच्या मिलचं नाव आलं, चांगल्या ठसठशीत अक्षरांत, दोन्ही बाजूंना तुरीच्या शेंगा. रुपचंदने सगळ्यांना बोलावून दाखवलं. धुळ्याला ताईबाईला त्याने कामावर राहण्याचा आग्रह केला होता, पण तिने टेबलावर किल्ली ठेवली, हमालाला राम राम केला आणि गेली. तिच्या जागी एक मुलगा आला.

त्या आठवड्यात मी कामानिमित्त शिरपूरला गेलो. पुनाभाऊ कॉम्प्युटरसमोर बसले होते. यंत्र सुरू केलं. मिलचं नाव आलं, शेंगा आल्या. पुनाभाऊ पडद्याकडे बघत राहिले. लिंबाएवढी अक्षरं, त्यामुळे चुकायचं काही कारण नव्हतं.

"नाना," ते म्हणाले, "रुमाल ग्या?"

मी पोत्यांवरचे आकडे वाचू लागलो. मी गुपित राखणारा माणूस आहे, आणि मला गुपित राखायलाच सांगितलेलं होतं.

पुनाभाऊंनी पंचा उचलला. घडी घातली, आधी लांब, मग चौकोनी. खांद्यावर ठेवला. मग उघड्या पडद्यासमोर ताठ बसून, एक-एक कळ दाबत त्यांनी लिहिलं: माल निघना. राम राम.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन दिवस पुण्याचा माणूस, गुपचूप बसवलेला कान, आणि बातमी आम्हीच आमच्या खर्चाने, शेंगा काढून, तिन्ही गावांना पोचवली होती. जीवरामने बहिणीखेरीज कोणाला एक अवाक्षर सांगितलं नव्हतं. त्याने फक्त खोटी पाटी लावू दिली नव्हती. पन्नास वर्षांचा मुनीम मी. सोमवारी गादीवर त्याच्यासमोर बसून मला ते दिसलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या जळगावच्या यंत्रावर रोज प्रती येऊ लागल्या. रुपचंद त्या मन लावून वाचायचा. माल निघाला. माल पोचला. राम राम. इकडे ऊन आहे. शिरपूरकडची तूर ओली येतेय, ती दोन दिवस घेऊ नका, हे पूर्वी ताईबाई पुनाभाऊंना आणि पुनाभाऊ ताईबाईला सांगायचे. त्यावर आमची मिल नकळत चालायची. आता ते कोणी सांगेना. हंगामात एक अख्खा ट्रक कुबट निघाला. केवलचंदशेठनी पोत्यात हात घातला, मूठ नाकाशी नेली, आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "एवढा मोठा कान बसवला. ऐकू काय येतंय? राम राम."

रुपचंद उठून गोदामात गेला. शनिवारी शेठनी मला जवळ बोलावलं.

"मुनीमजी, जीवराम कुठे असतो?"

"क्लासमध्ये. यंत्रं दुरुस्त करतो. रविवारी धुळ्याला बहिणीकडे जातो."

"उद्या तुम्ही जा. म्हणावं, कान काढतो. जुनंच लाव. बहिणीलाही आण." मी उठलो तसे म्हणाले, "आणि ते चित्रही."

मी दुपारची एस.टी. धरली. वाटेत दोनदा निरोप मनात घोळवला. कुठून सुरुवात करायची, रुपचंदचं नाव कुठे गाळायचं. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तर शोधायची वेळच आली नाही. जळगावच्या गाड्या लागतात तिथे, निंबाखालच्या बाकावर, ती दोघं बसलेली. जीवराम परतीच्या गाडीची वाट बघत असावा. पायाशी त्याची हत्यारांची पिशवी. ताईबाईच्या बोटांना टाइपरायटरच्या फितीची काळी शाई.

दोघांच्या मध्ये बाकावर जीवरामचा पंचा पसरलेला होता आणि दोघांचा एक-एक हात त्याखाली.

जीवरामने मला एकदा सांगितलं होतं. ताप उतरला आणि घरात कळलं की पोरीला ऐकू येत नाही, तेव्हा आई रडत बसली. आबांनी तिचा हात खांद्यावरच्या कापडाखाली घेतला आणि बोटं दाबली. आकडे तेवढे बाजाराचे होते. बाकीचं बापलेकीने मिळून बनवलं, आणि धाकटा भाऊ बघून शिकला. दाबलेलं बोट परत दाबून दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम आबांनी तिच्यासाठी जास्तच कडक ठेवला होता.

गाड्या येत होत्या, कंडक्टर ओरडत होते, एक माणूस कोंबड्यांची पाटी घेऊन त्यांच्या समोरून गेला. दोघं समोर बघत होती, कुठेच बघत नव्हती. पंचा मध्येच जरा वर उचलला जायचा, थांबायचा, मग दुसऱ्या बाजूने हलायचा. ताईबाई एकदम मोठ्याने हसली. स्टँडवरची माणसं वळून पाहण्याइतकी मोठ्याने. जीवराम लाजला. काय बोलणं झालं असेल ते सांगता येणार नाही.

मी चार पावलं पुढे गेलो होतो. तिथून वळलो, रसवंतीतून एक ग्लास रस घेतला आणि लांबच्या बाकावर बसलो. जळगावची गाडी लागली. भरली, निघून गेली. जीवराम उठला नाही.

माझा रस संपला. पंचा अजून हलत होता.